गडांवर वाडे बांधण्याआधी कूसीचा ढिगारा पाहा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

११ जुलै २०२५ रोजी पॅरिसमध्ये आपले गड जागतिक वारसा यादीत गेले. पेढे वाटून झाले, हारतुरे झाले. आता ‘गडावरचा वाडा होता तसा पुन्हा उभारा’ ही जुनी मागणी नव्या जोमाने आपल्या टेबलावर येईल. त्या फायलीवर सही करण्याआधी पॅरिसच्या ईशान्येला असलेल्या कूसी या लहानशा गावातल्या किल्ल्याची हकिकत ऐकून घ्यावी.

कूसीचा सरदार आंगराँ तिसरा याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा किल्ला बांधला. चार कोपऱ्यांत चार बुरूज, एकेक सुमारे ३५ मीटर उंच. आणि त्या चौघांना खुजे ठरवणारा पाचवा : उंची ५४ मीटर, व्यास ३१ मीटर. खुद्द राजाने पॅरिसला लूव्हरमध्ये बांधलेला बुरूज याच्या निम्म्या व्यासाचा होता. यावरून सरदाराची मिजास कळते. पायथ्याशी भिंतीची जाडी सात मीटरच्या वर. बाहेरून गोल, पण आत शिरलात की बारा बाजूंचे दालन, बाजूगणिक एक कमानदार कोनाडा, वर दगडी कमानींचे छत. अशी तीन दालने एकावर एक. दारावरच्या दगडात सिंहाशी झुंजणारा सरदार कोरलेला. बुरुजाला खंदक होता आणि चिलखतही, म्हणजे बाहेरून वेढणारी दुसरी भिंत. राजगडाची संजीवनी माची पाहिलेल्याला चिलखत म्हणजे काय ते सांगायला नको.

१६५२ मध्ये फ्रान्सचा मुख्यमंत्री कार्डिनल माझारँ याच्या हुकमाने सुरुंग लावून किल्ला निकामी केला गेला, तरी मोठा बुरूज उभा राहिला. १६९२ च्या भूकंपाने तो वरपासून खालपर्यंत चिरला, तरी पडला नाही. एकोणिसाव्या शतकात व्हियोले-ल-द्यूक या वास्तुविशारदाने त्याला लोखंडी पट्टे आवळून सावरला. मग पहिल्या महायुद्धातला मार्च १९१७ उजाडला. जर्मन फौज हिंडेनबर्ग रेषेकडे, म्हणजे मागे बांधलेल्या आपल्या बचावफळीकडे, माघार घेत होती. बव्हेरियाचा युवराज रुप्रेख्त हा जर्मनांचाच सेनापती. किल्ला वाचवा, असे त्याचे म्हणणे होते. त्याच्या वरचा जर्मन सेनानी लुडेनडॉर्फ याने ऐकले नाही. २८ टन स्फोटके लागली आणि पाचही बुरूज कोसळले.

पुन्हा बांधायचे तर फ्रान्सकडे काय नव्हते? १५७६ मध्ये द्यू सेर्सो या वास्तुविशारदाने छापलेले आराखडे होते, व्हियोले-ल-द्यूकची मापे घेऊन काढलेली चित्रे होती, फोटो होते. युद्धाच्या नुकसानभरपाईचा पैसाही आला. तो राडारोडा उपसायला आणि उरलेल्या भिंती पक्क्या करायला वापरला. मोठ्या बुरुजाचा ढिगारा मात्र मुद्दाम तिथेच ठेवला, रानटीपणाची खूण म्हणून.

याच मुलखात उलटा दाखलाही आहे. पियेरफोंचा किल्ला १६१७ मध्ये पाडला गेला होता. १८५७ पासून फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्या पैशाने त्याच व्हियोले-ल-द्यूकने तो पुन्हा उभारला. दिसतो झकास, पोरांना तर फारच आवडावा. पण त्यातले सन १४०० चे किती आणि या गृहस्थाच्या डोक्यातले किती, हे बघणाऱ्याला उमगत नाही. कूसीच्या एका महालात शेकोटीवर नऊ वीरांगनांचे पुतळे होते. त्याच धर्तीवर पियेरफोंमध्येही नऊ बसवले. आणि त्यांना चेहरे दिले ते नेपोलियनची बायको सम्राज्ञी युजेनी आणि तिच्या दरबारातल्या बायकांचे! मंत्रिमहोदय, सरकारी पैशाने इतिहास ‘होता तसा’ बांधायला घेतला की चेहरा कोणाचा बसतो, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

मला पियेरफों नको, कूसी हवे. यादीतल्या बारा गडांपैकी साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड हे चार राज्याच्याच पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे दिल्लीकडे बोट दाखवायची सोय नाही. म्हणून या चारांपुरते तरी एवढे करावे. तट-बुरुजांची आजच्या अवस्थेतली मापे, नकाशे आणि फोटो पूर्ण झाल्याशिवाय डागडुजीची निविदा काढू नये. ही कागदपत्रे मराठीतून सर्वांना पाहायला खुली ठेवावीत. नवा बसवलेला दगड जुन्यापासून ओळखू यावा, त्यावर वर्ष घालावे. ढासळलेला चिरा गडाबाहेर जाऊ देऊ नये. आणि वाडा कसा होता ते दाखवायचेच असेल, तर पायथ्याच्या गावात त्याची प्रतिकृती ठेवावी. कूसीच्या वेशीतल्या संग्रहालयात बुरुजाची ठेवली आहे, तशी.

यावर खात्याचे म्हणणे लेखी कळवावे, ही विनंती.

कळावे,
आपला,
एक दुर्गप्रेमी