उजवा डोळा, डावा हात

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

शोधनिबंधासाठी घेतलेल्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' कादंबरीची शंभर पानं वाचून झाली तरी खटला सुरू होत नाही, म्हणून तू वैतागली आहेस. थोडा धीर धर. हार्पर ली हिनं पहिली अकरा प्रकरणं मुलांच्या खेळांत, शाळेत आणि शेजारपाजारात घालवली, ती उगाच नाही. गोष्ट सांगणारी स्काउट सहा वर्षांची होत आलेली असते, तिचा भाऊ जेम तिच्याहून चार वर्षांनी मोठा. या सगळ्या पानांत त्यांना भीती वाटते ती पलीकडच्या घरात बंद असलेल्या बू रॅडलीची. तो रात्री बाहेर पडतो, खारी कच्च्या खातो, असलं काहीबाही त्यांनी ऐकलेलं असतं. गावात खरं घाबरण्यासारखं काय आहे, ते त्यांना दुसऱ्या भागात कळतं. म्हणून बूच्या गोष्टी उडवू नकोस.

सतरावं प्रकरण आलं की मात्र पेन्सिल घेऊन बस. मेयेला युएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याच्या आरोपावरून टॉम रॉबिन्सन या काळ्या माणसावरचा खटला तिथे सुरू होतो, आणि मुलांचा बाप ॲटिकस टॉमचा वकील असतो. तिथून एकविसाव्यापर्यंत एका बैठकीत वाच, आणि साक्षीत 'डावा' किंवा 'उजवा' शब्द आला की खूण कर. मग मैत्रिणीला समोर उभी कर. तुझा उजवा हात तिच्या डाव्या गालावर पडतो. उजवा गाल गाठायला तुला डावा हात उचलावा लागतो. पुरावा एवढाच आहे. शेरीफ हेक टेट आधी सांगतो की मेयेलाचा डावा डोळा सुजला होता. ॲटिकस विचारतो, तुमच्याकडे तोंड केल्यावरचा डावा, की तिचा स्वतःचा डावा? टेट थबकतो, आणि म्हणतो की म्हणजे तो तिचा उजवा झाला. मग ॲटिकस तिच्या बापाला, बॉब युएलला, पाकिटाच्या पाठीवर सही करायला लावतो. तो डाव्या हातानं करतो. टॉम रॉबिन्सनचा डावा हात लहानपणी कापसातून सरकी काढायच्या यंत्रात, जिनात, सापडला, तो उजव्यापेक्षा बारा इंच आखूड आहे. शपथ घेताना तो हात बायबलवरून घसरून पडतो. मेयेलाच्या गळ्याभोवती पुढूनमागून बोटांचे वळ होते, म्हणजे दोन धडधाकट हात हवेत. आणि बलात्काराची तक्रार असून डॉक्टरला कुणी बोलावलंच नव्हतं.

हे सगळं जेम कोर्टाच्या वरच्या सज्जातून ऐकतो. तो सज्जा काळ्यांसाठी राखलेला आहे, मुलं पाद्री साइक्सच्या शेजारी बसली आहेत. आपण जिंकलो, असं जेम सांगून मोकळा होतो. साइक्स त्याला हळूच सावध करतात: गोऱ्याच्या विरोधात काळ्याच्या बाजूनं गेलेली ज्युरी मी अजून पाहिलेली नाही. या दोघांमधल्या अंतरावर बोट ठेवून वाच. जेमनं पुरावा ऐकला, साइक्सनी आयुष्य काढलं होतं. रात्री अकरा वाजून गेल्यावर ज्युरी परत येते, त्यातला एकही जण टॉमकडे बघत नाही, आणि टॉम दोषी ठरतो. जेमचं बालपण तिथे संपतं. जगात वाईट माणसं असतात हे त्याला आधीही ठाऊक होतं. एखादी गोष्ट सर्वांसमोर सिद्ध व्हावी आणि तरीही तिला किंमत नसावी, हे त्याला ठाऊक नव्हतं.

टॉमच्या साक्षीत एक जागा आहे, ती दोनदा वाच. मेयेलाची कामं फुकट का करत होतास, असं सरकारी वकील विचारतो. तिची दया यायची, असं टॉम सांगतो. बुडाला तो त्या वाक्यानं. काळ्यानं गोऱ्या बाईची कीव करायची, म्हणजे तिच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं. ते त्या गावाला सोसवत नाही. आणि मेयेला तरी कोण? उकिरड्याच्या कडेला राहणारी एकोणीस वर्षांची पोर. सात भावंडांना आइस्क्रीमसाठी गावात पाठवता यावं म्हणून पाच-पाच सेंटची सात नाणी जमवायला तिला अख्खं वर्ष लागलं. पस्तीस सेंट! तिच्यापाशी स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट होती, गोरी कातडी, आणि बापाच्या माराला भिऊन तिनं ती टॉमच्या विरोधात वापरली. तिची कणव वाटली तर वाटू दे, पण तिनं काय केलं ते झाकू नकोस.

हे लेखिकेनं हवेतून आणलेलं नाही. मार्च १९३१ मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, म्हणजे कादंबरीतलं गाव आहे तिथेच, मालगाडीवरून नऊ काळ्या मुलांना पकडलं, दोन गोऱ्या मुलींवरच्या बलात्काराच्या आरोपावरून. स्कॉट्सबरो गावात गोऱ्या ज्युरीनं दोषी धरल्यावर त्यातल्या आठ जणांना मृत्युदंड ठोठावला गेला. १९३३ मध्ये त्या दोघींपैकी एकीनं भर कोर्टात सांगितलं की असं काही घडलंच नाही, तरी ज्युरीनं पुन्हा दोषीच धरलं. काळ्यांना ज्युरीच्या याद्यांतून पद्धतशीर वगळलं जातं हे सर्वोच्च न्यायालयानं १९३५ मध्ये मान्य केलं, आणि टॉमचा खटला कादंबरीत त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात उभा राहतो. बायकांना तर अलाबामात ज्युरीत बसायला १९६६ उजाडलं. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' ज्यांना अर्पण केली, त्या अमेरिकेतल्या सज्जनांनी गुलामी कायद्यानं संपवली त्याला १९३५ मध्ये सत्तर वर्षं झाली होती, हेही लक्षात ठेव.

चोविसावं आणि सव्विसावं प्रकरण छोटं वाटेल, पण लिहायला सगळ्यात जास्त तिथेच सापडेल. एकात आफ्रिकेतल्या म्रुना लोकांच्या हालांनी गहिवरणाऱ्या बायका आहेत. त्याच बैठकीत त्या आपल्या घरच्या काळ्या मोलकरणींच्या तक्रारी करतात. दुसऱ्यात शिक्षिका मिस गेट्स हिटलर ज्यूंना छळतो म्हणून कळवळून बोलतात. स्काउटनं मात्र त्यांना कोर्टाच्या पायऱ्यांवर काळ्यांना धडा शिकवायलाच हवा होता असं म्हणताना ऐकलेलं असतं. नीट शिकलेली, देवभीरू माणसं ही. द्वेष करतोय असं त्यांना वाटतही नाही.

माझी या कादंबरीबद्दल एक तक्रार आहे, ती तू शोधनिबंधात लिहिलीस तरी चालेल. निरागसपण हरवलं ते गोऱ्या मुलांचं. टॉमच्या पोरांना ते कधी मिळालं होतं का? टॉमला बोलायला एक प्रकरण मिळतं. कॅल्पर्निया ही काळी स्वयंपाकीण ॲटिकसच्या घरात दोन्ही मुलांना वाढवते, पण तिच्या मनात काय चाललंय ते आपल्याला बाराव्या प्रकरणात, तिच्या चर्चमध्ये, जेमतेम दिसतं. टॉम कैद्यांच्या शेतावरून पळताना मारला जातो, अंगात सतरा गोळ्या. वरच्या कोर्टात अपील बाकी असताना का पळाला? ॲटिकसचा अंदाज असा की गोऱ्यांनी द्यायच्या संधींना तो कंटाळला होता, आपली संधी त्यानं आपण घेतली. मला हे पुस्तकातलं सगळ्यात खरं वाक्य वाटतं. ॲटिकसला देव करू नकोस. २०१५ मध्ये आलेल्या लीच्याच 'गो सेट अ वॉचमन' कादंबरीमध्ये तोच ॲटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसतो.

दोन बारीक गोष्टी. मॉकिंगबर्डला बुलबुल म्हणू नकोस, तो वेगळा. दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज काढणारा आपल्याकडचा कोतवाल त्यातल्या त्यात जवळचा, पण नाव मूळचंच ठेव. दुसरं, काळ्यांसाठीची ती शिवी पुस्तकात वारंवार येते. वर्गात उतारा वाचायची पाळी आली तर ती मोठ्यानं उच्चारू नकोस, गाळून पुढे जा. पण शोधनिबंधात ती कोण वापरतं, आणि स्काउटनं वापरली तेव्हा ॲटिकस काय सांगतो, हे जरूर नोंदव.

शेवट सांगत नाही. संपलं की लगेच मिटू नकोस, पहिला परिच्छेद पुन्हा वाच. जेमचा मोडलेला हात बरा झाल्यावर कसा दिसतो ते तिथे लिहिलंय. तो डावा आहे, आणि उजव्यापेक्षा थोडा आखूड.

तुझी,
आई