तळपाय, जुना व्रण आणि परकराची नाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत सनस्क्रीन, टोपी आणि गॉगल यांविषयीचे सल्ले येतात आणि त्वचेच्या कर्करोगाचा उल्लेख झालाच तर त्याच ओघात होतो. कर्कवृत्त इंदूरच्या थोडे उत्तरेकडून जाते. जूनमधल्या दुपारी सूर्य येथे जवळजवळ माथ्यावर असतो. तेव्हा शेतात, रस्त्यावर किंवा बांधकामावर राबणाऱ्यांनी डोके, मान व हात झाकावेत, हे सांगणे योग्यच आहे. परंतु सावळ्या त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे उन्हाने होणारे त्वचेचे कर्करोग आपल्याकडे गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा पुष्कळ कमी आढळतात, आणि जे आढळतात त्यांतले काही घातक प्रकार नेमके ऊन न लागणाऱ्या जागी होतात. त्या जागांविषयी फारसे कोणी लिहीत नाही.

मेलॅनोमा हा त्यांतला सर्वांत घातक प्रकार सावळ्या लोकांत बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तळव्यावरचा काळा डाग कुरूप समजून घरीच ब्लेडने तासला जातो आणि काळे पडलेले नख ठेचेच्या नावावर खपते. ठेचेने साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकत काही महिन्यांत निघून जाते. मुळापासून टोकापर्यंत गेलेला, रुंदावत चाललेला आणि शेजारच्या कातडीवर उतरलेला काळा पट्टा मात्र निघून जात नाही, आणि तो त्वचारोगतज्ज्ञाला दाखवलाच पाहिजे. हा रोग त्वचेत एक मिलिमीटरपेक्षा कमी खोल असताना सापडला, तर बहुतेकदा शस्त्रक्रियेनेच भागते.

भाजल्याचे जुने व्रणही असेच दुर्लक्षित राहतात. रॉकेलच्या स्टोव्हच्या काळात भाजलेल्या कितीतरी स्त्रिया आज साठीपुढे आहेत. अशा व्रणात कित्येक वर्षांनी, कधी तीन दशकांनीही, कर्करोग उद्भवू शकतो. पण तेथे पुन्हा चिघळलेल्या जखमेवर महिनोन्महिने हळद आणि मलमच लावले जाते.

कमरेचे प्रकरण तर खास आपल्याकडचे. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्येच धोतर घट्ट बांधल्याने कमरेवर होणाऱ्या कर्करोगाची नोंद केली होती. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी साडी नेसणाऱ्या दोन वृद्ध स्त्रियांच्या कमरेवरील अशाच कर्करोगाची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली एक तर परकराशिवाय लुगडे घट्ट नेसत असे, म्हणजे दोष एकट्या नाडीचा नाही. हा प्रकार दुर्मीळ आहे आणि त्यापायी कोणी नऊवारी सोडावी असे मुळीच नाही. मात्र कमरेवर काळा, खरखरीत पट्टा पडलेला असेल तर बारीक नाडीऐवजी रुंद पट्टी लावावी, ती सैल बांधावी, बांधण्याची जागा बदलत राहावी आणि त्या पट्ट्यात पडलेली जखम तीन-चार आठवड्यांत भरली नाही तर तपासणी करून घ्यावी. ही जागा वृद्ध स्त्रिया संकोचाने डॉक्टरांनासुद्धा दाखवत नाहीत, म्हणून सुनांनी-लेकींनी विचारलेले बरे.

बायोप्सीचे, म्हणजे तपासणीसाठी कातडीचा लहान तुकडा काढण्याचे, नाव काढताच ‘सुरी लागली की रोग पसरतो’ असे सांगणारे हितचिंतक प्रत्येक घरात असतात. या समजाला आधार नाही. उशीर मात्र खरोखर घात करतो.

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत आपल्या मंडळांची आरोग्य शिबिरे रक्तदाब आणि साखर तपासून संपतात. मधुमेहींचे पाय तेथे पाहिले जात असतील, तर सर्वांचेच तळवे व नखे पाहायला फार वेळ लागू नये. एखादा त्वचारोगतज्ज्ञ बोलावला तर उत्तमच. आपणही आरोग्य पुरवणीत या खुणांची छायाचित्रे सावळ्या त्वचेवरची छापावीत, ही विनंती. गोऱ्या पाठीवरचा तीळ पाहून आमच्या वाचकाला आपला तळपाय ओळखता येत नाही.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक, इंदूर