ती नोटीस अटकेची नव्हतीच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात रोज कुठे ना कुठे 'अमक्यावर गुन्हा दाखल' अशी बातमी असतेच. पण गुन्हा दाखल झाला म्हणजे नेमकं काय झालं आणि ज्याच्यावर झाला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं हे कुठेच छापून येत नाही. ते माहीत नव्हतं म्हणून आमच्या घरात काय होऊन बसलं ते सांगायला हे पत्र लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाचं गाडी लावण्यावरून भांडण झालं. समोर तिघं, हा एकटा, शब्दाला शब्द वाढत गेला आणि हाणामारी झाली. याच्या मनगटावर रॉड बसला, हात सुजून टम्म, आणि याच्या हातून त्यातल्या एकाचं डोकं फुटलं. त्या मुलाला टाके पडले, त्याचं मला आजही वाईट वाटतं, मी इथे भावाची वकिली करायला बसले नाहीये. ते लोक त्याच रात्री पोलीस स्टेशनला गेले, फिर्याद दिली, मेडिकल करून घेतलं. आमचा घरी आला, बर्फ लावला आणि झोपला.

तिसऱ्या दिवशी एक कागद आला. वर नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 35(3) लिहिलेलं आणि अमुक तारखेला हजर राहा. घरात रडारड, मामा म्हणाले आता उचलणार तुला, थोडे दिवस बाहेर जा, फोन बंद ठेव. आणि तो गेला!

तो कागद खरं तर अटक न करण्याचा होता हो. अटकेची गरज वाटत नसेल तर पोलीस अशी नोटीस देतात, आणि सांगितल्याप्रमाणे तुम्ही जात राहिलात तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय त्यांना अटक करता येत नाही. जुन्या कायद्यात हेच 41अ होतं, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्ये अर्नेशकुमार केसमध्ये त्यावर पोलिसांना नीट बजावलंय, 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आला तेव्हा या नियमाच्या कलमाचा नंबर बदलला. ज्या कागदाने तो वाचला असता त्यालाच घाबरून तो पळाला, मग अटकपूर्व जामिनाच्या वेळी सरकारी वकिलांचा पहिला मुद्दा हाच की आरोपी नोटीस देऊनही आला नाही.

दुसरी चूक तर अजून मोठी. वकिलांना आम्ही सांगितलं की तिघं अंगावर आले म्हणून याने हात उचलला, ते म्हणाले बरोबर आहे, स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यातच आहे, फक्त गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, पण मनगट सुजल्याचा कागद कुठाय? नव्हता. समोरच्या दुकानाचा कॅमेरा आठवला तोवर रेकॉर्डिंग पुसलं गेलेलं. बचाव कोर्टात उभं राहिल्यावर होतो असं आम्हाला वाटायचं, पण तो पहिल्या दोन दिवसांतच जमा करावा लागतो, डॉक्टरचा कागद, फोटो, मेसेज, कोणी पाहिलं त्यांची नावं, आणि मी तिथे नव्हतोच असं म्हणायचं असेल तर होतो कुठे ते दाखवणारं काहीतरी.

पोलीस स्टेशनचंही तेच, आत गेलं की माणूस समोर येईल त्यावर सही करतो. फिर्यादीवर फिर्याद देणाऱ्याची सही लागते, पण तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही घ्यायचीच नसते. पोलिसांसमोर दिलेली गुन्ह्याची कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही आणि स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कोणावर करता येत नाही, हे तर घटनेच्या कलम 20 मध्येच आहे. अटक झालीच तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं, घरच्यांना कळवावं लागतं, आणि अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यायची असं सुप्रीम कोर्टाने 2025 मध्ये स्पष्ट सांगितलंय. म्हणजे आपल्याला मराठीत मागता येतात, मागायचीच.

अजून एक, अजामीनपात्र शब्द ऐकून आईने दोन दिवस अन्न सोडलं होतं. त्याचा अर्थ जामीन मिळतच नाही असा नाही, तो द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं एवढाच. जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्कच असतो. हे कोणीतरी त्या दिवशी तिला सांगायला हवं होतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसणारेही खूप आहेत. 1987 च्या कायद्याप्रमाणे महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेला कोणीही, यांना उत्पन्न न बघता सरकारकडून फुकट वकील मिळतो.

आमच्या केसमध्ये आता चार्जशीट आलंय, त्याची कॉपी आरोपीला फुकट मिळते हेही मला त्याच दिवशी कळलं. साक्षीपुरावा अजून सुरू व्हायचाय. तुम्हाला एकच विनंती, गुन्हा दाखल झाल्याची बातमी देता तेव्हा कलम जामीनपात्र आहे की नाही ते एका ओळीत लिहा आणि खाली मोफत कायदेशीर मदतीचा 15100 हा नंबर छापा.

आपली,
एक नियमित वाचक