नेटवर्किंगच्या इंटरव्ह्यूला जाणाऱ्यांसाठी
मंडळी, या आठवड्यात ज्यांचे इंटरव्ह्यू आहेत त्यांनी सबनेटिंग (म्हणजे मोठं नेटवर्क छोट्या भागांत तोडणं) कागद-पेन घेऊनच करा, कॅल्क्युलेटर अजिबात नको. १९२.१६८.१०.७०/२६ (/२६ म्हणजे पहिले २६ बिट नेटवर्कचे) दिला की नेटवर्क ॲड्रेसचा शेवटचा आकडा .६४, ब्रॉडकास्टचा (सगळ्यांना एकदम पाठवायचा ॲड्रेस) .१२७, मधले ६२ ॲड्रेस होस्टना, म्हणजे मशीनना, हे पटकन तोंडातून आलं पाहिजे. ओएसआयचे (नेटवर्कचं काम थरांत मांडणारं मॉडेल) सात लेअर सगळेच पाठ करून येतात हो, पण "पीसीवर नेट चालत नाही, काय बघशील?" विचारलं की गडबडतात, तेव्हा आधी केबल, लिंक लाइट, मग आयपी, तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (आपोआप आयपी देणारी सेवा) ॲड्रेस मिळालेलाच नाही, मग गेटवेला (नेटवर्कबाहेर नेणारा राउटर) पिंग, म्हणजे उत्तर येतंय का ते बघणं, आणि शेवटी डीएनएस (साइटच्या नावावरून आयपी शोधणारी सेवा) असं क्रमाने बोला. सीव्हीत ओएसपीएफ (राउटरना एकमेकांकडून रस्ते शिकवणारा प्रोटोकॉल) लिहिलंय? मग पॅकेट ट्रेसरवर (नेटवर्कचा सराव करायचं सिस्कोचं सॉफ्टवेअर) दोन राउटर जोडून नेबर, म्हणजे शेजारचा राउटर, फुल स्टेटला जातोय का, म्हणजे दोघांची माहिती पूर्ण जुळतेय का ते आजच बघा. अडलं तर बिनधास्त ग्रुपवर टाका, रात्री बसून सोडवू.