प्रोबायोटिक आणि आतड्यातली प्रतिकारयंत्रणा : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

प्रतिजैविकांचा कोर्स संपताच तू प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयुक्त जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूल घ्यायला सुरुवात केलीस आणि ‘प्रतिकारशक्ती वाढेल ना?’ असे विचारलेस. उत्तराला उशीर झाला, कारण मी तुझ्या ‘वाढेल’ या शब्दापाशीच अडलो. आतड्यात प्रतिकारशक्तीचा तुटवडा सहसा नसतो. तिथे खरी कसोटी तिला आवरण्याची असते.

आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्याच्या एका अंगाला जिवाणूंची अफाट वस्ती, दुसऱ्या अंगाला शरीरातील प्रतिकारपेशींचा सर्वांत मोठा साठा, आणि मध्ये श्लेष्माचा, म्हणजे बुळबुळीत स्रावाचा, पडदा. लहान आतड्याच्या भिंतीत ‘पायर्स पॅचेस’ नावाचे लसिका-ऊतींचे पुंजके असतात. त्यांवरील एम पेशी पोकळीतले जिवाणू उचलून आतल्या डेंड्रिटिक पेशींच्या हवाली करतात, आणि त्या पेशी जिवाणूच्या अंगावरील खुणा ओळखून टी पेशींना (प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) काय कळवतात, यावर दाह, म्हणजे प्रतिकारामुळे येणारी सूज, भडकणार की शमणार हे बऱ्याच अंशी ठरते. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये हे पुंजके खुरटलेले राहतात व आयजीए ही अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडे फारच कमी तयार होतात. सहवासावाचून ही यंत्रणा घडतच नाही, असे म्हण ना!

प्रोबायोटिक जिवाणू याच संवादात शिरतात. काही आयजीएचे स्रवण वाढवतात, काही अस्तरपेशींमधले सांधे घट्ट करतात. मात्र हे गुण प्रजातीचे नसून वाणाचे, म्हणजे प्रजातीतल्या विशिष्ट उपप्रकाराचे, असतात. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा वाण केसांसारख्या तंतूंनी श्लेष्माला चिकटतो, पण त्याच प्रजातीच्या दुसऱ्या वाणाकडे ते तंतू असतीलच असे नाही. म्हणून वेष्टनावर नुसते प्रजातीचे नाव छापलेले दिसले की मला चीड येते.

आता तुझ्यापुरते. २०१८ साली इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील संशोधकांनी दाखवले की प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या आतड्यातली मूळची वस्ती पूर्ववत व्हायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा, अधिक काळ लागला. अभ्यास लहान होता, आणि प्रतिजैविकांमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी काही वाण उपयोगी ठरतात हेही खरेच. पण या मूळच्या रहिवाशांपैकी अनेक जण अन्नातील तंतुमय पदार्थ आंबवून ब्यूटिरेट नावाचे मेदाम्ल बनवतात, आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींच्या वाढीला ते पोषक असते. त्यांचे परतणे लांबवून पाहुण्यांची सरबराई करण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. तुला जुलाब होत नसतील तर डॉक्टरांना विचारून कॅप्सूल थांबव, आणि वेष्टनावर वाणाचे नाव आहे का, ते मला कळव.

तुझा,
अनंत