एकटा 'ए' विकू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातला. टेलिफोन खात्यात 31 वर्षं लाइनमन म्हणून काढली, आता निवृत्त आहे, पण गावात कुणाचं नेट बंद पडलं की अजून माझ्याच दारात येतात. आपल्या पेपरात वाचकांची पत्रं येतात त्यात रस्ते, पाणी, बस सगळं असतंय, एवढ्याशा एका डब्याबद्दल कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही म्हणून मीच लिहितो. ह्या डब्याला मीडिया कन्व्हर्टर म्हणतात. एका अंगानं फायबर, म्हणजे उजेडावर चालणारी काचेची बारीक तार, शिरतो, दुसऱ्या अंगाला नेहमीची लॅनची वायर. काडेपेटीचे तीन-चार बॉक्स एकत्र ठेवले तर होईल एवढाच आकार.

गेल्या मे महिन्यापास्नं गणपतीपर्यंत आमच्या गावच्या सोसायटीत ह्या डब्यानं जो खेळ मांडला तो सांगतो, म्हणजे माझं मागणं काय आहे ते कळेल.

सोसायटीचं ऑफिस गल्लीत आणि खताचं गोडाऊन रस्त्याला, मधलं अंतर 340 मीटर. तांब्याची लॅन वायर 100 मीटरच्या पुढं चालत नाही, हे सगळ्यांना माहीत असूनसुद्धा आधी कुणीतरी मधे तीन ठिकाणी नेटचे स्विच, म्हणजे सिग्नल पुढं ढकलणारे डबे, बसवून वायर ओढली होती, त्यातला एक स्विच तर एकाच्या गोठ्यात, म्हशीच्या वर. दर वर्षी वळवाचा पाऊस आला की विजेनं पोर्ट, म्हणजे वायर खोचायच्या जागा, जळायचे. वीज थेट वायरीवरच पडायला पाहिजे असं नाही, जवळपास पडली तरी लांब तांब्यात झटका तयार होतोय. फायबर म्हणजे काच, काचेतनं करंट येत नाही, म्हणून संचालकांनी फायबर टाकायचं ठरवलं, आणि तो निर्णय बरोब्बरच होता.

पण एक सांगून ठेवतो, खांबावरनं येणाऱ्या फायबरला ताण सोसायला म्हणून एक लोखंडी तार जोडलेली असते, ती तार फिटरची पोरं तशीच खिडकीतनं आत घेऊन ग्रिलला बांधतात. मग काच टाकून उपयोग काय झाला? ती तार बाहेरच हुकला अडकवून तोडायची आणि आत फक्त काच न्यायची. हे मी फिटरला सांगितलं तर तो म्हणाला, "काका, आजपर्यंत असंच केलंय की." असंच केलंय म्हणूनच जळतंय बाबा.

तर डबे आले बेळगावातनं. बसवले, करंट दिला, हिरवा दिवा लागला, लॅनच्या बाजूचा टीपी म्हणून लिहिलेला दिवापण लागला, फायबरचा एफएक्स दिवा मात्र दोन्हीकडं मेलेला. फिटरनं मोबाइलचा कॅमेरा उघडला आणि फायबरच्या टोकासमोर धरला. कॅमेऱ्यात काय दिसेना. लगेच निकाल दिला, फायबर मधेच तुटलाय, नवीन ओढायला लागणार, अमुक एवढे हजार. टीव्हीच्या रिमोटचा लाइट मोबाइलमध्ये दिसतोय म्हणून ह्यांना वाटतंय की हा पण दिसेल. उजेडाची जात नॅनोमीटरच्या मापात सांगतात, रिमोटचा असतो साधारण 940 नॅनोमीटरचा, ह्या डब्याचा 1310 नाहीतर 1550 चा, आणि मोबाइलचा कॅमेरा 1100 च्या आसपासच आंधळा होतोय, तिथं काय डोंबल दिसणार. आणि फायबरच्या टोकाला डोळा लावून बघायचं नाही, हे तर आधी सांगायला पाहिजे होतं. उजेड दिसत नाही म्हणजे डोळ्यात जात नाही असं नसतंय.

मी घरातनं लाल लाइटचा पेन आणला. एका टोकाला लावला, पुतण्याला गोडाऊनवर पाठवलं, दोन मिनिटांत त्याचा फोन, "काका, लाल दिसतंय." म्हणजे काच अख्खी होती.

मग मी दोन्ही डबे उलटे करून चष्मा लावून बुडाचं लेबल वाचलं. दोन्हीवर टीएक्स (पाठवायचा उजेड) 1310, आरएक्स (घ्यायचा उजेड) 1550. दोन्ही 'ए'. एकाच काचेतनं जाणं आणि येणं दोन्ही करायचं तर एकानं 1310 वर बोलायचं आणि 1550 वर ऐकायचं, दुसऱ्यानं बरोब्बर उलटं, म्हणून ते ए आणि बी अशा जोडीनं येतात. आमच्याकडं दोघंही 1310 वर ओरडायलेत आणि दोघंही 1550 कडं कान लावून बसलेत. दिवा लागणार कसा?

दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला सील फोडलंय, परत घेत नाही, आणि सुटा बी मिळत नाही, जोडी घ्यायला लागेल. मग पहिल्यांदा दोन ए कसे काय सुटे मिळाले, ह्याला उत्तर नाही. घेतली जोडी, काय करता. सोसायटीकडं आता तीन ए आणि एक बी.

बी बसवला, दोन्हीकडचे एफएक्स दिवे लागले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या दिवशी गोडाऊनचा डबा मेला. बघितलं तर तिथं सफाई करताना कुणीतरी सगळे प्लग काढून परत लावले होते आणि वायफाय राउटरचा ॲडॅप्टर ह्या डब्यात गेला होता. पिन सेम बसते, पण राउटरचा 12 व्होल्टचा आणि आमचा डबा 5 व्होल्टचा. खोलून बघितलं तर कपॅसिटरचं डोकं फुगलेलं आणि वास तर विचारू नका. नशीब तिथं ए होता, जादाचा ए लावून चालू केला. तेव्हापास्नं दोन्ही ॲडॅप्टरला मी पांढरी चिकटपट्टी लावून स्केचपेननं मोठ्या आकड्यात 5 आणि 12 लिहिलंय. गावातले हसले, पण त्यानंतर एकही जळला नाही.

जुलैत आमच्याकडं पाऊस कसा असतोय ते सांगायला नको, मलप्रभा उगवते ती कणकुंबी इथनं जवळच. भिंतीला ओल आली म्हणून कुणीतरी फायबर जरा बाजूला सरकवला आणि खिळ्याच्या क्लिपनं घट्ट ठोकून दिला, कोपऱ्यावर अगदी काटकोनात. नेट कधी येतंय कधी जातंय. पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधला उजेड मोजायचं यंत्र, मागवून मोजलं, 1310 मायनस 11, 1550 मात्र मायनस 26. मायनसचा आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. काच जास्त वाकली की 1550 चा उजेड आधी गळतोय, 1310 त्या मानानं तग धरतोय. म्हणजे एकीकडचं बोलणं पोचतंय आणि दुसरीकडचं वाटेतच सांडतंय. क्लिप काढली, कोपऱ्यावर चहाच्या बशीएवढा गोल वळसा दिला, टोक स्पिरिटनं पुसून परत खोचलं, 1550 मायनस 9 वर आलं. आमच्या वेळी तांब्याची वायर दातानं सोलायचो, पीळ मारायचो आणि घंटी वाजायची. ह्या काचेला बोटाचा तेलकट डागसुद्धा सोसत नाही. फायबरच्या टोकाचा प्लग निळा असेल तर समोरचापण निळाच पाहिजे, हिरव्या टोकाची काच तिरकी कापलेली असते, ते निळ्यात खुपसायचं नाही.

शेवटचं दुखणं सगळ्यात वंगाळ, कारण दिवे सगळे लागलेले, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतंय का ते बघायची चाचणी) जातंय, पण खताच्या स्टॉकची फाइल उघडायला घेतली की चहा पिऊन यावं इतका वेळ. दोन आठवडे सगळ्यांनी इंटरनेट कंपनीला शिव्या घातल्या आणि तिचा ह्यात काडीचा संबंध नव्हता. झालं असं होतं की ऑफिसच्या स्विचचा तो पोर्ट कुणीतरी 100 फुल डुप्लेक्सवर पक्का करून ठेवला होता आणि डब्याची लॅनची बाजू ऑटोवर, म्हणजे समोरच्याशी आपोआप जुळवून घेणारी. एका बाजूनं ऑटो बंद असलं की दुसरी बाजू स्पीड ओळखते पण डुप्लेक्स ओळखू शकत नाही, मग ती हाफ धरते. एक म्हणतोय दोघंही एकदम बोलूया, दुसरा म्हणतोय तू थांब मग मी. थोडं काम असेल तर निभतंय, मोठी फाइल आली की आदळाआपट. स्विचचा पोर्ट ऑटोवर टाकला आणि एका मिनिटात काम झालं. डब्याच्या बाजूला ते बारके पांढरे डीप स्विच असतात, त्यात एक एलएफपी असतोय, फायबर तुटला की लॅनची बाजूपण आपोआप बंद करणारा. चांगली सोय आहे, पण नवीन बसवताना तो ऑफ ठेवावा, नाहीतर फायबर जुळेपर्यंत लॅनचापण दिवा लागत नाही आणि लोक पोर्ट खराब म्हणून डबा बदलत बसतात. सगळं जुळलं की मग ऑन करायचा.

ह्या सगळ्यात डब्याबरोबर कागद आला होता एक, घडी घातलेला, इंग्रजीत, पण चिनी माणसानं लिहिलेली इंग्रजी. त्यात ए-बी चा उल्लेख एका ओळीत आणि तोपण अर्धवट. मराठी की कन्नड हा आमचा वाद चालू राहू दे, निदान दोन्हीतनं एकात तरी चार ओळी लिहा की राव.

आता मागणं. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दुकानदारांना विनंती आहे की हा डबा जोडीनं विका, सुटा मागितला तर आधी "तुमच्याकडं ए आहे की बी?" एवढं विचारा. फिटर लोकांनी काम झाल्यावर डब्यावर तीन गोष्टी मार्करनं लिहाव्यात, ए की बी, किती व्होल्ट, आणि पॉवर मीटरवर आलेला आकडा तारखेसकट. हा आकडा लिहिलेला असला की सहा महिन्यांनी बिघडल्यावर काच खराब झाली का डबा, हे कुणालाही पाच मिनिटांत कळतंय. आणि शाळा, वाचनालय, डेअरी, पतसंस्था ज्या कुणी अशी कामं करून घेतात त्यांनी हे लिहिल्याशिवाय बिल देऊ नये, सरळ अडवून ठेवावं.

एक राहिलंच. घरोघरी जो इंटरनेटचा फायबर येतोय तो ह्या डब्यात लावून चालत नाही, त्याला ओएनटी, म्हणजे इंटरनेट कंपनी देते तो तिचा डबाच लागतो. आमच्या पुतण्यानं प्रयोग करून बघितलाय, तुम्ही करू नका.

आणि हो, सोसायटीच्या कपाटात एक चांगला चालू 'ए' अजून पडून आहे. कुणाकडं एकटा 'बी' पडला असेल तर चव्हाट्यावर येऊन विचारा, जोडी जुळवून टाकू.

आपला,
एक निवृत्त लाइनमन,
ता. खानापूर, जि. बेळगाव