मारेओटिसकाठच्या स्त्रिया

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्राचीन ज्यू वैराग्यपंथांवर मराठीत लिहिलं जातं ते बहुधा एसीन या पंथातल्या पुरुषांपुरतंच, आणि ‘तिथे बायकांना जागाच नव्हती’ असा समज पक्का होतो. तो खोडून काढायलाच हवा.

इ.स.च्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाजवळ, मारेओटिस सरोवराच्या वरच्या टेकाडावर ‘थेराप्युटाय’ हा चिंतनात रमलेला ज्यू वैराग्यपंथ राहत असे. त्यांच्यातल्या स्त्रियांची नोंद फिलो हा ज्यू तत्त्वज्ञ स्वतंत्रपणे करतो. बहुतेक वयस्कर, ज्ञानाच्या ओढीने, स्वेच्छेने अविवाहित राहिलेल्या. सहा दिवस प्रत्येकाने आपापल्या घरात एकट्याने धर्मग्रंथांचं चिंतन करायचं, सातव्या दिवशी सभागृहात जमायचं. तिथे पुरुष आणि स्त्रिया यांच्या मधली भिंत तीन-चार हात उंच, म्हणजे साधारण साडेचार ते सहा फूट. वर छतापर्यंत मोकळं. मर्यादा राखली जाई आणि प्रवचनही नीट ऐकू येई. ही भिंत बायकांना बाहेर ठेवण्यासाठी नव्हतीच!

सणाच्या पंगतीत पुरुष उजवीकडे, स्त्रिया डावीकडे. वाढायला गुलाम नाहीत. जेवण म्हणजे भाकरी, मीठ, हिसॉप नावाची सुगंधी वनस्पती आणि पाणी. मग स्त्री-पुरुषांचे दोन गायनवृंद आधी वेगवेगळे गात, नंतर बायबलमधल्या मोशे आणि त्याची बहीण मिर्याम यांच्या सागरकाठच्या गाण्याप्रमाणे एक होत, ते थेट पहाटेपर्यंत.

या समूहाबद्दल फिलो हा एकमेव साक्षीदार, तोही त्यांचा चाहता. त्यामुळे सावधपणे वाचावं हे खरं. पण एसीनांविषयीसुद्धा जोसेफस हा पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार विवाह करणारी वेगळी शाखा सांगतोच. तेव्हा ‘केवळ पुरुषांचे आश्रम’ हे सरसकट विधान लेखकांनी आता थांबवावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक